मुंगवड्यांचा युरोप

पाडवा झाला आणि आठच दिवसांत अकोल्यानं आपला खरा चेहरा दाखवला. कूलरमध्ये नवं गवत भरून झालं, पहिल्या पाण्याचा तो ओला, गावरान वास घरभर फिरला. काल सकाळी सहालाच गच्चीवरून वाटलेल्या मुगाच्या डाळीचा, लसणाचा, हिरव्या मिरचीचा वास खाली उतरला आणि मी अंथरुणातच हात जोडले. वाळवणं सुरू झाली! माझ्या लेखी हा युरोपचा हंगाम. हसू नका. माझ्या घराच्या गच्चीवर, जुन्या लुगड्यावर, मी अख्खा युरोप वाळत घातलेला पाहिला आहे. पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत. मीठ-जिरं बेताचं घातलेला.

मी वकील आहे. माहेर अमरावतीचं, भटजींचं घर. वडील मंत्र म्हणत, भाऊ शाळेत शिकवतो आणि मी कोर्टात भांडते. म्हणजे तिघांचंही पोट तोंडावर चाललेलं. आमच्या घरात कुणी दहा मिनिटं गप्प बसलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. त्यामुळे न बोलणारं माणूस समोर आलं की मला आजही काही सुचत नाही. आणि चार उन्हाळ्यांपूर्वी नेमकं तेच माझ्या तळमजल्यावर राहत होतं.

तिचं नाव पल्लवी. तिची आई निर्मलाबाई फुलं विकते. बार्शीटाकळीजवळ त्यांचा मळा आहे. नवरा तिकडे झेंडू-शेवंती पिकवतो आणि ही इकडे माझ्याकडे दोन खोल्या घेऊन बाजार सांभाळते. निर्मलाबाईचा आवाज असा, की ती फुलबाजारात भाव सांगते तो बसस्टँडवर ऐकू जावा. लेक मात्र नर्सिंग शिकलेली, हुशार, हाताची हलकी, आणि बोलायला बसली की भिंत. जर्मनीत वृद्धांच्या एका निवासात तिची नोकरी ठरली होती. अट एकच: जर्मन भाषेची परीक्षा. वाचन, लेखन, ऐकणं, तिन्हींत ती फेब्रुवारीत छान पास झाली. बोलण्यात नापास. जागा जूनपर्यंत राखून ठेवू, असं तिकडून कळलं होतं. मेअखेरीस पुण्याला पुन्हा परीक्षा. तीही हुकली तर ते दुसरं माणूस घेणार.

"काय झालं गं तिथं?" मी तिला विचारलं होतं.

"तोंड उघडलं मावशी. शब्दच नाही निघाला."

"कोणता?"

"कोणताच."

मग निर्मलाबाईनं खरी गोष्ट सांगितली. शिकवणी मोबाइलवर होती, वर्गात सगळ्या महाराष्ट्रातली मुलं. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. पण पहिल्याच आठवड्यात पोरगी म्हणाली, "मॅडम, मले आवाज येऊन नाही राहिला," आणि पडद्यावरच्या चौकटी-चौकटींतून पोरं हसली. झालं. त्या दिवशी पल्लवीनं माइक बंद केला तो सहा महिने उघडला नाही. सगळं ऐकलं, सगळं लिहिलं, वह्या भरल्या. बोलली मात्र एक अक्षर नाही.

"हसू दे ना वं," निर्मलाबाई तिला म्हणायची. "माह्यावर अर्धा बाजार हासते. म्या काय फुलं इकनं सोडलं?"

पोरगी मान खाली घालून वही उघडायची.

त्या वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: वोर्ट. म्हणजे शब्द. मला जर्मनचा गंध नाही, पण वोर्ट आणि इंग्रजीतला वर्ड एकमेकांशेजारी उभे केले तर नाकं एकसारखी दिसतात हे वकिलाला सांगावं लागत नाही. आयुष्यभर मी वारसांच्या नोंदी काढल्या आहेत. मला वाटलं, या घराण्याची एक वंशावळ काढूनच पाहू. कोर्टात पुकारा होईपर्यंत बाकावर बसून राहण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं. तो सगळा वेळ मी मोबाइलवर युरोपातले वारस शोधण्यात घातला.

आणि काय सांगू, काय खानदान निघालं! हॉलंडमध्ये वोर्द. स्वीडनमध्ये ऊर्ड, बहुधा थंडीनं पुढचा व गळून पडला असावा. लाटव्हिया नावाच्या चिमुकल्या देशात वार्ड्स, आणि तिथं शब्दालाही वार्ड्स आणि माणसाच्या नावालाही वार्ड्स. इथवर एक घर. मग हद्द ओलांडून फ्रान्समध्ये पाय ठेवला तर शेजाऱ्याशी काही संबंधच नाही. तिथं शब्दाला म्हणतात मो. एवढंसं. आणि या मोचं मूळ काय, तर पुटपुटणं, घशातल्या घशात केलेला हुंकार! इटलीत पारोला, स्पेनमध्ये पालाब्रा, पोर्तुगालमध्ये पालाव्रा. या तीन बहिणी, आणि त्यांच्या आजीचा अर्थ दृष्टांत. म्हणजे एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवून समजावून सांगणं. आमच्या महानुभावांच्या रिद्धपूरकडच्या माणसाला दृष्टांत काय ते सांगायची गरज नाही. तिथं जेवणात मीठ कमी पडलं तरी दृष्टांत देतात. रुमानियात कुव्हिंत, आणि त्याच्या पोटात बसलाय जमाव, चार माणसांचं एकत्र येणं. हंगेरीत सो. फिनलंडमध्ये सना. ग्रीसमध्ये लेक्सी. स्पेनच्या कोपऱ्यातल्या बास्क लोकांचं हित्स तर सगळ्या खानदानापासून फारकत घेऊन बसलेलं. त्याचे ना मागे कुणी ना पुढे.

हे सगळं मी एका सकाळी गच्चीवर घेऊन गेले. नाटकी स्वभाव. हातात कागद, डोक्यावर पदर, जणू शेवटचा युक्तिवाद करायला उभी आहे.

गच्चीवर मुंगवड्या चालल्या होत्या. रात्रभर भिजलेली डाळ पाट्यावर जाडसर वाटलेली, किसलेला कोहळा पिळून घातलेला, पितळी परात मधोमध. गल्लीतल्या पाच-सहा बायका लुगड्याच्या कडेनं बसलेल्या. पल्लवी एका टोकाला. तिनं परातीत हात घातला तोच निर्मलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"मुकाट्यानं नाही घालायची वडी."

हा तिच्या माहेरचा, चांदूर बाजाराकडचा नेम. वड्या गप्प बसून घालायच्या नाहीत. मुक्यानं घातलेली वडी वाळताना फाटते म्हणे. पहिली वडी गणपतीची, ती त्याचं नाव घेऊन घालायची. पुढच्या प्रत्येक वडीला बोलणं पाहिजे. कुणी ओव्या म्हणतं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगतं, कुणी नुसतं उन्हाला शिव्या देतं. काय बोलता याला महत्त्व नाही. तोंड चालू पाहिजे.

"मंग मी नाही घालत," पल्लवी म्हणाली आणि हात काढून घेतला.

"नको घालू. पन तिकडं म्हाताऱ्याले गोळी देतानी काय करशीन? खुना करशीन?"

बायका हसल्या. पल्लवीचे डोळे भरले. तेव्हा मी पुढं झाले, आणि कागद उंच धरून म्हटलं, "बाईसाहेब, वाक्य नको. एका वडीला एक शब्द. तोही तुमचा नको, दुसऱ्याच्या देशातला. मी म्हणेन ते म्हणायचं आणि वडी टाकायची. मंजूर?"

तिनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग परातीतून चिमूटभर पीठ घेतलं.

"वोर्ट," मी म्हटलं.

"वोर्ट," ती लुगड्याला म्हणाली, आणि तिची पहिली वडी पडली.

इतक्या हळू, की त्याला फ्रेंच मो म्हणावं. पण निघाला. शब्द निघाला!

त्यानंतर त्या हंगामाला काही ताळतंत्र राहिलं नाही. रोज सकाळी उन्हं चढायच्या आधी दोन तास आमचा युरोप भरायचा. बायकांना गंमत वाटू लागली. लुगड्यावर देश पडले. जर्मनी मधोमध, डावीकडे फ्रान्स, खाली इटली, पाण्याच्या टाकीकडं रशिया. कारण तिकडं जागा जास्त. "मले थो थंडा देश द्या बापा, फिनलंड," असं म्हणून एकीनं सावलीची बाजू बळकावली. समोरच्या घरातल्या शाहीनखाला वड्या घालायला यायच्या नाहीत, पण आपल्या गच्चीच्या कठड्यावर हात टेकून सगळं ऐकायच्या. फिनलंडचा सना ऐकून त्या ओरडल्या, "अरे, हमारी पोती का नाम सना है, सुबह से चुप नहीं बैठती!" आणि तुर्कस्तानचा केलिमे, माल्टा बेटावरचा केल्मा ऐकल्यावर त्यांनी हात हवेत उडवले. "ये तो अपनाच है वकीलबाई! कलिमा! किधर किधर पहुँच गया देखो!" अरबीतला कलिमा म्हणजेही शब्दच. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू परदेशी गेलेल्या भावाचा फोटो कुणी दाखवला.

आज विचार करते तेव्हा वाटतं, किती उद्धट समज असतो आपला! शब्द म्हणजे तोंडातून निघालेली वस्तू, बस. पण एकेका जमातीनं त्याच वस्तूला नाव ठेवताना कुठं कुठं बोट ठेवलं आहे. कुणी पुटपुटण्यावर, कुणी दृष्टांतावर, कुणी जमावावर. आणि सगळ्यात मला हरवलं ते पोलंडपासून रशियापर्यंत पसरलेल्या मोठ्या घराण्यानं. त्यांचा शब्द म्हणजे स्लोवो, आणि हा स्लोवो आपल्या श्रवणाचा सख्खा नातलग. म्हणजे त्या लोकांनी शब्दाचं नाव तोंडावरून ठेवलंच नाही. कानावरून ठेवलं. ऐकला गेला तो शब्द! सत्तावीस वर्षं कोर्टात घसा ताणणाऱ्या बाईला हे कळलं तेव्हा ती कोर्टाच्या बाकावर एकटीच टाळी वाजवून बसली. शेजारचा पक्षकार उठून लांब गेला.

हे मी पल्लवीला सांगितलं. कुरडयांचा दिवस होता. गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन आम्ही दोघी फुंकर मारत होतो. तिनं वाटीतला चीक चमच्यानं ढवळला. मग म्हणाली, "म्हंजे मावशी, चूक माही एकटीची नोती."

"कशी?"

"ऐकनारे नोते ना तिथं. हासनारे होते."

मी चमचा खाली ठेवला. इतका सरळ युक्तिवाद मी जन्मात केलेला नाही.

तरीही ती अजून एकेकच शब्द बोलत होती. वाक्य येईना. मे महिना उजाडला, पारा चढला, डांबर चपलेला चिकटू लागलं, आणि निर्मलाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वकीलबाई, एका एका शब्दानं नोकरी भेटते काय?" तिनं मला जिन्यात विचारलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच कागद उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी वांदर आलं.

ते एकटंच होतं, चांगलं घोड्याएवढं (बरं, बोकडाएवढं). टाकीवरून उतरलं, रुबाबात लुगड्याजवळ बसलं आणि पोर्तुगाल खाऊ लागलं. बायका किंचाळून जिन्याकडं पळाल्या. मीही पळाले, शौर्य हा माझा प्रांत नाही. त्यानं पोर्तुगाल संपवला, स्पेनवर हात टाकला, आणि मग जर्मनीची एक वडी उचलली. तेवढ्यात पल्लवी उठली. हातात पिठाचं उलथणं, अंगावर पिठाचे शिंतोडे, आणि अशा आवाजात, की मला क्षणभर निर्मलाबाईच वाटली, तिनं ओरडून त्याला जर्मनमध्ये झापलं. एक वाक्य नाही. चार-पाच! चालता हो, हे माझं आहे, सकाळपासून मी हे केलंय, तुला लाज नाही का, असं सगळं. नंतर तिनंच अर्थ सांगितला. वांदर हातातली वडी टाकून कठड्यावरून पसार झालं.

जिन्यात आम्ही सगळ्या एकमेकींना धरून.

"काय म्हनलं वं त्याले?" निर्मलाबाईनं विचारलं.

पल्लवी धापा टाकत होती. "जे त्याले म्हनाचं थे म्हनलं."

"पुन्यात बी असंच म्हनजो," आई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले.

त्यानंतर एकेक शब्दाची वडी बंद. एका वडीला एक वाक्य, मग एका ओळीला एक गोष्ट. बायका मराठीतून प्रश्न विचारायच्या, ती जर्मनमधून उत्तर द्यायची आणि मग मराठीत समजावून सांगायची. "तुही सासू कशी हाय, थे सांग." "लग्न नाही झालं माहं." "मंग होनारी सांग!" पापडाचा दिवस संपेपर्यंत तिची सासू चांगली पाच फूट उंच, दम्याची रुग्ण आणि खोचक स्वभावाची झाली होती.

पुण्याला तिच्यासोबत मी गेले. निर्मलाबाईचा लग्नसराईचा बाजार होता, ती येऊ शकली नाही, पण स्टेशनवर तिनं मला बजावलं, "तुमी नका बोलजा तिथं. तिले बोलू द्या." परीक्षेच्या फाटकाबाहेर मी दोन तास रसवंतीवर बसले आणि उसाचे चार ग्लास प्यायले. आयुष्यात इतकी गप्प मी कधीच बसले नव्हते. निकाल राखून ठेवलेल्या दिवशी आरोपीच्या आईचा चेहरा कसा असतो हे मी हजारदा पाहिलं आहे. तो आपल्या चेहऱ्यावर कसा बसतो हे तिथं कळलं.

ती बाहेर आली तेव्हा सरळ माझ्या ग्लासातला रस पिऊन टाकला आणि मग सांगितलं.

परीक्षेत दोघं-दोघं आत जातात. एकानं विषय मांडायचा, दुसऱ्यानं त्यावर प्रश्न विचारायचा. तिच्यासोबत पुण्याचाच एक मुलगा होता, इस्त्रीचा शर्ट, चकाचक. विषय आला घरचं खाणं. तिनं वड्या घेतल्या. आमच्याकडे वड्या गप्प बसून घालत नाहीत, असं पहिलंच वाक्य टाकलं, तर परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मग देश, मग लुगडं, मग वांदर. बोलणं संपलं. आता त्या मुलानं प्रश्न विचारायचा होता. तो बघतच राहिला. तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले.

"मले माहीत होतं मावशी त्याले काय होऊन राहिलं थे. मी ओयखलं."

"मग?"

"मंग मी त्याले हासली नाही. हळूच इचारलं, वड्या वाळाले किती दिवस लागते, हे इचाराचं हाय का तुम्हाले? तो हाव म्हने. मंग मी सांगतलं. मंग त्याले बी सुचलं. दोन प्रश्न त्यानं आपल्या मनानं इचारले!"

शेवटी परीक्षक बाईंनी तिला विचारलं, या इतक्या देशांतला तुमचा आवडता शब्द कोणता? तर ही म्हणाली, स्लोवो, आणि कारण सांगायला लागली. श्रवण, कान, हसणारे, ऐकणारे. वेळ संपल्याची खूण म्हणून बाईंनी हात वर केला. ही थांबली नाही. बाईंनी दुसराही हात वर केला.

दोन आठवड्यांनी निकाल लागला तेव्हा ती फुलबाजारात आईच्या शेजारी गजरे मोजत होती. मोबाइल पाहून तिनं आईच्या कानात सांगितलं. निर्मलाबाई तराजूवर उभी राहायचीच काय ती बाकी राहिली. "माही पोरगी जर्मनमंधी बोलली हो!" ही तिची आरोळी कोर्टापर्यंत आली, असं मी सांगत असते. आली नसेल. पण पल्लवीचा निरोप मोबाइलवर दिसताच मी उलटतपासणी मध्येच थांबवली होती, हे मात्र खरं आहे, आणि न्यायाधीशांनी कारण विचारल्यावर सांगितलंही.

जागा तिचीच राहिली, आणि पावसाळा सरायच्या आत ती गेली.

काल, वाटलेल्या डाळीचा वास अंगभर घेऊन मी गच्चीवर पोचले तर वड्या बाजूलाच राहिल्या होत्या. निर्मलाबाई मोबाइल हातात घेऊन उभी होती आणि बायका तिच्याभोवती. पल्लवीनं सकाळीच एका कागदाचा फोटो पाठवला होता. तिच्या निवासातल्या एका नव्वदीच्या आजोबांनी व्यवस्थापनाकडे रीतसर लेखी तक्रार केली आहे. कागदाखाली तिनं मराठीत अर्थ लिहिला होता: भारतातून आलेली सिस्टर कामात चांगली आहे, परंतु सकाळी औषध देण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत अखंड बोलते. मला वर्तमानपत्र वाचता येत नाही. कृपया उपाय करावा.

निर्मलाबाईनं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग पदर खोचून ती जिना उतरली, आणि कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून किलोभर पेढे घेऊन आली. समोरच्या कठड्यावरून शाहीनखालांनी विचारलं, "किस बात के पेढे, निर्मला? शादी तय हुई क्या?"

"नाही वं," निर्मलाबाईनं पेढा त्यांच्याकडं उडवला, आणि तिचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला. "पोरीची तक्रार आली! लय बोलते म्हनते!"